विजया तेल आणि कॅन्सरचा रुग्ण: ३० मिलीच्या बाटलीचं परीक्षण

गडद काचेची ३० मिलीची बाटली, रबरी टोपीचा ड्रॉपर, लेबलवर भांगेचं पान आणि ठळक अक्षरांत एक आकडा: १०००, ३०००, कधी ६००० मिग्रॅ. आयुर्वेदिक औषधाच्या परवान्याखाली आणि डॉक्टर-वैद्यांच्या चिठ्ठीवर भारतात ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या विजया तेलाचं (विजया म्हणजे भांग) हे सर्वसाधारण रूप. घरात कॅन्सरचा रुग्ण असला की कुणी ना कुणी या बाटलीची लिंक पाठवतोच. म्हणून हे परीक्षण फक्त अशाच रुग्णांच्या अंगाने केलं आहे. कंपनीचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. खाली लिहिलेलं या प्रकारच्या सगळ्याच मालाला लागू पडतं.

निकाल आधीच सांगतो. केमोची मळमळ नेहमीच्या औषधांनी आटोक्यात येत नसेल, तर टीएचसी (भांगेतला नशा आणणारा घटक) असलेलं, तपासणीचा रिपोर्ट असलेलं तेल मोजून घेऊन पाहण्यात अर्थ आहे. गाठ विरघळावी म्हणून घेण्यात अर्थ नाही. आणि निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब यांसारखी इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध लढायला लावणारी औषधं) चालू असेल, तर ऑन्कोलॉजिस्टना विचारल्याशिवाय एक थेंबही नको. या तिसऱ्या मुद्द्याबद्दल विक्रेत्यांच्या पानांवर सहसा काहीच नसतं, म्हणून पुढे त्यावर सविस्तर लिहिलं आहे.

सुरुवात लेबलवरच्या आकड्यापासून. ‘३००० मिग्रॅ’ म्हणजे नक्की कशाचे ३००० मिग्रॅ? बऱ्याचदा तो आकडा विजयाच्या अर्काचा असतो, सीबीडी (भांगेतला नशा न आणणारा घटक) किंवा टीएचसीचा नसतो. अर्कात सीबीडी १५ टक्के असेल तर ३००० मिग्रॅ अर्कात सीबीडी भरतं ४५० मिग्रॅ, म्हणजे मिलीमागे १५ मिग्रॅ. शेजारच्या बाटलीवर ‘१००० मिग्रॅ सीबीडी’ असं स्वच्छ लिहिलेलं असेल, तर आकडा लहान असूनही तीच दुपटीहून कडक आहे. म्हणून विकत घेण्याआधी एकच हिशेब करायचा: बाटलीतलं एकूण सीबीडी किती आणि एकूण टीएचसी किती, दोन्ही वेगवेगळे, आणि दोन्हींना ३० ने भागायचं. किमतीची तुलनासुद्धा बाटलीमागे न करता मिलिग्रॅममागे करावी. हे दोन आकडे जो विक्रेता देत नाही, त्याच्याकडून तेल घेऊ नये.

हेम्प सीड ऑइल ही तर निराळीच वस्तू आहे. ते बियांचं तेल, खाद्यपदार्थ म्हणून विकलं जातं. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे बियांच्या पदार्थांत सीबीडी किलोमागे ७५ मिग्रॅच्या वर असता कामा नये. ३० मिली तेलाचं वजन साधारण २८ ग्रॅम, म्हणजे अख्ख्या बाटलीत जास्तीत जास्त २ मिग्रॅच्या आसपास. कोशिंबिरीवर घालायला उत्तम तेल आहे, पण औषध म्हणून त्यात काही नाही. लेबलवरचं पान मात्र दोन्हीकडे सारखंच असतं आणि फसगत तिथेच होते.

आता बॅच रिपोर्ट. रिपोर्टवरचा बॅच नंबर आणि बाटलीच्या बुडावरचा नंबर जुळायलाच हवा; वेबसाइटवर टाकलेला दोन वर्षांपूर्वीचा नमुना रिपोर्ट कुचकामी आहे. प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळा तपासून मान्यता देणारी संस्था) मान्यता आहे का ते बघावं. तपासणी एचपीएलसीने, म्हणजे नमुना न तापवता घटक वेगळे करणाऱ्या पद्धतीने, केलेली असावी. जीसी या दुसऱ्या पद्धतीच्या यंत्रात नमुना तापतो आणि त्या उष्णतेने टीएचसीए या आम्लरूपाचं टीएचसी होतं, त्यामुळे मूळ तेलात कोणतं किती होतं ते कळत नाही. एचपीएलसीच्या रिपोर्टमध्ये टीएचसी आणि टीएचसीए वेगळे दिसतात. एकूण टीएचसी काढायचं सूत्र: टीएचसी + ०.८७७ × टीएचसीए. ताज्या पानात बहुतेक भाग आम्लरूपात असतो, तो अर्क नीट तापवल्यावरच बदलतो. टीएचसीएचा आकडा मोठा आणि टीएचसीचा लहान असेल, तर अर्क पुरेसा तापवलेला नाही आणि ‘एकूण’ म्हणून छापलेला आकडा शरीरात तेवढा लागू होणार नाही. सीबीएन या आणखी एका घटकाचं प्रमाण जास्त दिसलं तर माल जुना किंवा उन्हात राहिलेला, कारण टीएचसीचं ऑक्सिडेशन होऊन सीबीएन तयार होतं.

याच रिपोर्टात पुढे शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा, कीटकनाशकं, उरलेलं सॉल्व्हंट, बुरशी आणि अफ्लाटॉक्सिन यांचे आकडे हवेत. भांगेचं झाड जमिनीतले जड धातू भरपूर शोषून घेतं. केमोने पांढऱ्या पेशी खाली आलेल्या रुग्णाला अ‍ॅस्परजिलससारख्या बुरशीचा संसर्ग जिवावर बेतू शकतो. त्याच कारणाने अशा रुग्णाने पान किंवा फूल ओढणं हा सगळ्यात वाईट मार्ग. लेबलवर विश्वास किती ठेवावा याचा एक अंदाज: २०१७ मध्ये अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली गेली, त्यांतल्या ३१ टक्क्यांचंच लेबल बरोबर निघालं आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं. ते आकडे अमेरिकेतले आहेत, पण बॅचचा रिपोर्ट का मागायचा याचं कारण तिथेही तेच आणि इथेही तेच.

घेण्याची पद्धत. ड्रॉपरवर भरवसा नको. रबरी टोपी एकदा दाबल्यावर नळी पूर्ण भरत नाही आणि तेलाच्या थेंबाचा आकार तापमानाप्रमाणे बदलतो. सुई नसलेली १ मिलीची ओरल सिरिंज वापरावी. इन्सुलिनची सिरिंज नको. आपल्याकडच्या नेहमीच्या सिरिंजवरचे ४० युनिट म्हणजे १ मिली, आणि घरातल्या घाईत युनिटला मिलिग्रॅम समजण्याची चूक सहज होते. टीएचसीची सुरुवात रात्री झोपताना १ ते २.५ मिग्रॅने करावी, वयस्कर रुग्णाला १ मिग्रॅनेच. तेल जिभेखाली धरलं तरी त्यातलं बहुतेक गिळलंच जातं, त्यामुळे परिणाम जाणवायला अर्धा ते दोन तास लागतात आणि जोर दोन ते चार तासांनी येतो. ‘तासभर झाला, काहीच वाटत नाही’ म्हणून दुसरा डोस दिला जातो, आणि मग मध्यरात्री दोन्ही डोस एकदम चढतात: धडधड, घाबरगुंडी, भ्रम, उठताना तोल जाणं. हाडांत कॅन्सर पसरलेल्या रुग्णाला अशा वेळी पडणं किती महागात पडेल हे सांगायला नको. डोस वाढवायचा तर दोन-तीन दिवस थांबून, एका वेळी तेवढाच आणखी.

जेवणाशी नातं कायम ठेवावं. स्निग्ध जेवणासोबत सीबीडी घेतलं तर रक्तातली पातळी उपाशीपोटाच्या चार-पाचपट जाते. एक दिवस उपाशी आणि दुसऱ्या दिवशी वरण-भात-तुपावर घेतलं, तर डोस कागदावर तोच राहतो, शरीरात मात्र एकदम निराळा पोचतो.

आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या अनेकांना नाकातून राईल्स ट्यूब (पोटात अन्न सोडायची नळी) घातलेली असते. टीएचसी-सीबीडीसारखे घटक, म्हणजे कॅनाबिनॉइड, प्लास्टिकला चिकटतात. शुद्ध सीबीडीच्या एपिडायोलेक्स या औषधाच्या युरोपातल्या माहितीपत्रकात पीव्हीसी आणि पॉलियुरेथेनच्या नळ्या वापरू नयेत अशी स्पष्ट सूचना आहे. सिलिकॉनची नळी चालते. साधी राईल्स ट्यूब बहुधा पीव्हीसीची असते. त्यातून ओतलेल्या तेलाचा काही भाग नळीतच राहतो, आणि ‘आमच्या रुग्णाला काहीच फरक पडला नाही’ यामागे कधीकधी एवढंच कारण असतं.

मळमळीसाठी पुरावा बरा आहे. ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत २.५ मिग्रॅ टीएचसी आणि २.५ मिग्रॅ सीबीडीच्या कॅप्सूल नेहमीच्या औषधांच्या जोडीला दिल्या गेल्या आणि उलट्या-मळमळ पूर्ण थांबणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. चक्कर आणि गुंगीही वाढली. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अ‍ॅस्कोने, २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत याच कामासाठी ड्रोनाबिनॉल, नॅबिलोन (टीएचसीच्या धर्तीवर कृत्रिमरीत्या बनवलेली औषधं) किंवा गुणवत्ता तपासलेला टीएचसी-सीबीडीचा तोंडाने घ्यायचा अर्क मान्य केला आहे, पण तोही इतर औषधं पुरी पडत नसतील तेव्हाच. म्हणून बाटली मागवण्याआधी डॉक्टरांना ओलान्झापिन या मळमळीवरच्या गोळीबद्दल विचारा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या चाचणीत २.५ मिग्रॅचा छोटा डोस १० मिग्रॅच्या तोडीचा ठरला आणि गुंगी कमी आली. ती गोळी स्वस्त आहे, डोस नेमका आहे आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळते.

नुसत्या सीबीडीकडून मात्र फार अपेक्षा धरू नये. ऑस्ट्रेलियातच पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या १४४ रुग्णांवर चाचणी झाली. एका गटाला रोज ६०० मिग्रॅपर्यंत सीबीडी, दुसऱ्याला प्लासिबो. त्रासाच्या लक्षणांत फरक निघाला नाही. १००० मिग्रॅची बाटली त्या डोसने दोन दिवसही पुरत नाही. मग रोज दहा मिग्रॅ सीबीडी घेऊन काय साधतं, याचं उत्तर विक्रेत्याने द्यायला हवं.

आता गाठ विरघळण्याचा दावा. त्याच्या मुळाशी प्रयोगशाळेतल्या प्लेटा (पेशी वाढवायच्या बशा) आहेत. कॅन्सरच्या पेशींवर १० मायक्रोमोलर सीबीडी घातलं की त्यातल्या कित्येक मरतात, हे खरं आहे. १० मायक्रोमोलर म्हणजे मिलीमागे सुमारे ३१४५ नॅनोग्रॅम. निरोगी माणसांना उपाशीपोटी एकदम १५०० मिग्रॅ सीबीडी दिलं तेव्हा रक्तातली सर्वोच्च पातळी मिलीमागे सुमारे २९० नॅनोग्रॅम आली. म्हणजे १००० मिग्रॅची दीड बाटली एका घोटात घेऊनही प्लेटमधल्या पातळीच्या जेमतेम एक दशांश. शिवाय रक्तातलं ९४ टक्क्यांहून जास्त सीबीडी प्रथिनांना बांधलेलं असतं, तर प्लेटमध्ये सिरम (रक्तातला प्रथिनं असलेला द्रव) कमी ठेवलं की तेवढंच सीबीडी कितीतरी जास्त मारक दिसतं. ‘इन व्हिट्रो’ संशोधनाचा हवाला देणाऱ्या जाहिरातीत सिरमचं प्रमाण आणि मायक्रोमोलरचा आकडा शोधून पाहा. हे दोन आकडे समोर असले की दाव्यात किती दम आहे ते लगेच कळतं.

माद्रिदच्या मानुएल गुझमान यांच्या गटाचा २००६ चा अभ्यासही वारंवार दाखवला जातो. त्यात पुन्हा उलटलेल्या ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरचे ९ रुग्ण होते आणि टीएचसी कॅथेटरमधून थेट मेंदूतल्या गाठीत सोडलं होतं. काम मोलाचं आहे, त्यातूनच पुढच्या चाचण्या उभ्या राहिल्या, पण जिभेखालच्या तेलाशी त्याचा संबंध जोडणं चूक आहे.

इम्युनोथेरपीचा मुद्दा इथून सुरू होतो. टीएचसी ज्या दोन रिसेप्टरना (पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या प्रथिनांना) धरतं, त्यातला सीबी१ मुख्यतः मेंदूत असतो आणि १९९३ मध्ये शोधला गेलेला सीबी२ मुख्यतः प्रतिकारपेशींवर. माणसात तो सर्वांत जास्त बी पेशींवर, मग नॅचरल किलर पेशी आणि मोनोसाइटवर, आणि त्याहून कमी पण निश्चितपणे टी पेशींवर आढळतो. निव्होलुमॅबसारखी औषधं टी पेशींवरचा पीडी-१ नावाचा ब्रेक काढतात. सीबी२ मधून जाणारा संदेश त्याच पेशींना थंड करतो.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्टीव्हन डुबिनेट यांच्या गटाने २००० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आजही नमुन्यादाखल वाचावा असा आहे. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी टोचलेल्या उंदरांना किलोमागे ५ मिग्रॅ टीएचसी, आठवड्यातून चार वेळा, चार आठवडे दिलं. गाठी जास्त वेगाने वाढल्या. मग तोच प्रयोग टी आणि बी पेशी नसलेल्या उंदरांत केला, तिथे टीएचसीने काहीच फरक पडला नाही. म्हणजे टीएचसी गाठीला थेट खतपाणी घालत नव्हतं. ते प्रतिकारशक्तीच्या वाटेने काम करत होतं. गाठीत आणि प्लीहेत आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा हे प्रतिकार दाबणारे रेणू वाढलेले, प्रतिकार चेतवणारा इंटरफेरॉन-गॅमा घटलेला. आयएल-१० किंवा टीजीएफ-बीटा यांपैकी कोणत्याही एकाविरुद्ध अँटिबॉडी दिली की परिणाम नाहीसा. सीबी२ रोखणारा रेणू दिला, तरीही नाहीसा. चार वेगवेगळ्या कुलपांना एकच किल्ली लागावी, इतका हा पुरावा एका दिशेचा आहे. पुढे २००५ मध्ये नागरकट्टी दांपत्याच्या गटाने स्तनाच्या कॅन्सरच्या ४टी१ पेशी वापरल्या. त्यांच्यावर कॅनाबिनॉइड रिसेप्टर फारसे नसतात, त्यामुळे प्लेटमध्ये टीएचसी त्यांना मारत नाही. उंदरात मात्र गाठ आणि तिचा प्रसार दोन्ही वाढले. २०२२ मध्ये याच परिणामाची आतली वाट दिसली: सीबी२ मधून टी पेशीला कामाला लावणारा जॅक-स्टॅट संदेश दबतो आणि उंदरांत पीडी-१ विरोधी औषधाची धार कमी होते.

माणसांत काय दिसलं? इस्रायलमधल्या २०१९ च्या अभ्यासात निव्होलुमॅब घेणारे १४० रुग्ण पाहिले. नुसतं निव्होलुमॅब घेणाऱ्यांत ३७.५ टक्क्यांना प्रतिसाद, सोबत कॅनाबिस (म्हणजे भांग-गांजा) घेणाऱ्यांत १५.९ टक्क्यांना. आयुर्मानात मात्र फरक नव्हता. २०२० च्या १०२ रुग्णांच्या अभ्यासात कॅनाबिस घेणाऱ्यांचा आजार लवकर वाढला: ३.४ महिने विरुद्ध १३.१. पण हे रुग्ण चिठ्ठ्या टाकून गटांत वाटलेले नव्हते. ज्याला जास्त दुखतं, भूक मेलेली असते, तोच कॅनाबिस मागतो. तो आधीच जास्त आजारी असतो. शिवाय २०२४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हे आकडे पुन्हा तपासले तेव्हा आकडेमोडीत त्रुटी निघाल्या. आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी पेम्ब्रोलिझुमॅब घेणाऱ्या २०१ रुग्णांच्या २०२३ च्या इस्रायली अभ्यासात आजार वाढण्याच्या काळात फरक दिसला नाही. म्हणून ‘तेलाने इम्युनोथेरपी वाया जाते’ असं कुणी छातीठोक सांगत असेल तर तेही बरोबर नाही. पण उंदरांतलं कारण स्पष्ट आहे, माणसांतला धोका खोडून निघालेला नाही, आणि पर्यायी औषधं हातात आहेत. अशा वेळी सावध बाजूला राहणंच शहाणपणाचं. हा विषय आता फक्त श्रीमंतांचा राहिलेला नाही. टाटा मेमोरियलच्या चाचणीत डोक्या-मानेच्या कॅन्सरला तीन आठवड्यांतून एकदा अवघं २० मिग्रॅ निव्होलुमॅब नेहमीच्या औषधांच्या जोडीला दिलं आणि एका वर्षाने हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. कर्ज काढून मिळवलेल्या त्या डोसच्या आड कुठलीही बाटली येता कामा नये, असं आमचं ठाम मत आहे.

यकृताकडेही लक्ष हवं. २०२५ मध्ये अमेरिकेत निरोगी माणसांना २८ दिवस रोज किलोमागे ५ मिग्रॅ सीबीडी दिलं, तेव्हा ५.६ टक्के लोकांची यकृताची एन्झाइम्स सामान्य मर्यादेच्या तिपटीवर गेली. ६० किलोच्या माणसाला हा डोस रोज ३०० मिग्रॅ होतो. थोड्या थेंबांत धोका कमी, पण मोठ्या डोसच्या बाटल्याही विकल्या जातात. इम्युनोथेरपीनेही यकृताला सूज येते. ऑन्कोलॉजिस्टना तेलाबद्दल सांगितलंच नसेल, तर वाढलेलं एएलटी हे यकृताचं एन्झाइम बघून ते साहजिकच इम्युनोथेरपीला जबाबदार धरतील, पुढचा डोस थांबवतील, वेळ पडल्यास स्टिरॉइड सुरू करतील. सीबीडीमुळे वाढलेल्या आकड्यापायी चालू उपचार बंद पडतात. म्हणून तेल घेतच असाल तर सुरू करण्याआधी एलएफटी (यकृताची रक्ततपासणी), दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा एकदा, आणि फाइलवर तेलाचं नाव, बॅच आणि रोजचे मिलिग्रॅम लिहिलेले.

टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी) घेणाऱ्या बायकांनीही विचारून घ्यावं; सीबीडी ते औषध सक्रिय रूपात आणणाऱ्या एन्झाइमला अडवतं. वॉरफेरिन, क्लोबाझाम, टॅक्रोलिमस या औषधांच्या रक्तातल्या पातळ्या सीबीडीमुळे वाढतात. ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांना सांगावं.

कायद्याचं थोडक्यात. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या, कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा. फुलोऱ्यापासून वेगळी केलेली पानं त्या व्याख्येत येत नाहीत, आणि पानांच्या अर्कातून ही तेलं बनतात. विजया ही औषध कायद्याच्या अनुसूची ई (१) मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, आहे, त्यामुळे वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना लेबलवर असलीच पाहिजे. ‘कॅन्सर बरा होतो’ अशी जाहिरात १९५४ च्या जादूटोणा-औषध जाहिरात कायद्याने बंद आहे. तसं लिहिणाऱ्या दुकानाकडे फिरकू नका. दोन मिनिटांच्या फोनवर चिठ्ठी देणाऱ्याने चालू केमोची औषधं विचारली नसतील, तर ती चिठ्ठी घेऊन आधी आपल्या ऑन्कोलॉजिस्टकडे जा. सिंगापूरला किंवा आखातात मुलांकडे जाताना बाटली सामानात नको, भारतातली चिठ्ठी तिथे चालत नाही.

उघडलेली बाटली अंधारात, थंड जागी, झाकण घट्ट लावून ठेवावी. आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी: तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलातला अर्क मुलांना घरातलं साधं तेलच वाटतं.